बोट लागूं नये म्हणून

वडखळ येथील एका वाचक भगिनीनें या सदराकडे एक प्रश्न धाडला आहे. दिवाळीच्या सुटींत त्यांच्या एकत्र कुटुंबांतील अकरा माणसांनीं मुंबईहून गोव्यास जाणाऱ्या मोठ्या प्रवासी जहाजानें सफर करण्याचें ठरविलें आहे. तिकिटें निघालीं, कपड्यांची यादी झाली, आणि मग नऊ वर्षांच्या पुतणीचा विषय निघाला. गेल्या वर्षीं मांडव्याच्या लाँचमध्यें तिला दोनदां उलटी झाली होती. तेव्हां 'तिला यंदा पेणला आत्याकडे ठेवावें, म्हणजे तिचेहि हाल नकोत आणि आपलेहि नकोत' असा घरांतील वडील माणसांचा विचार आहे. मुलीला अद्याप कांहीं सांगितलेलें नाहीं. 'हें योग्य होईल काय?' एवढेंच भगिनीनें विचारलें आहे.

आमचें उत्तर असें कीं, हें योग्यहि नाहीं आणि आवश्यकहि नाहीं. आवश्यक कां नाहीं, तें पुढें सविस्तर येईलच. योग्य कां नाहीं, तें मात्र आधीं सांगितलें पाहिजे. एकत्र कुटुंबांतील मुलांची स्मृति मोठी चिवट असते. दहा जणांनीं पाहिलेल्या समुद्राच्या गोष्टी घरांत पुढें दहा वर्षें निघत राहतील, आणि प्रत्येक वेळीं त्या मुलीला आठवेल कीं, आपलें पोट आपल्या ताब्यांत राहिलें नाहीं म्हणून आपणांस मागें ठेविलें. उलटी घटकाभरांत ओसरते. ही आठवण इतक्या लवकर ओसरत नाहीं.

आपल्या भाषेंतील 'बोट लागणें' हा शब्दप्रयोग मोठा मार्मिक आहे. ऊन लागतें, थंडी लागते, ठेंच लागते, तशीच बोट लागते. म्हणजे हें बाहेरून येऊन लागणारें कांहीं आहे, माणसाच्या अंगचा तो दुर्गुण नव्हे, एवढें आपल्या वाडवडिलांस पुरतें ठाऊक होतें. इंग्रजींत मळमळीला जो 'नॉशिया' शब्द आहे तोहि ग्रीक भाषेंतील नौकावाचक शब्दापासूनच निघालेला आहे. इंग्रजांचा विख्यात आरमारी सेनापति नेल्सन यास जन्मभर बोट लागत असे. चार्ल्स डार्विन १८३१ ते १८३६ या काळांत 'बीगल' जहाजावरून पृथ्वीप्रदक्षिणा करीत होता, आणि त्या सबंध सफरींत या विकारानें त्याचा पिच्छा सोडला नाहीं. ज्यांनीं समुद्रावर नांव कमावलें त्यांचीच ही कथा. तेव्हां नऊ वर्षांच्या मुलीला बोट लागली म्हणून ती नाजुक, नखरेल किंवा दुबळ्या मनाची ठरत नाहीं. घरांतील कोणी तसें तिला बोललें असल्यास तें आधीं थांबविलें पाहिजे.

हा विकार होतो कशानें, तें आतां पाहूं. बोट लागण्याचें मूळ पोटांत नाहीं, कानांत आहे. प्रत्येक कानाच्या अगदीं आंत, हाडाच्या पोकळींत, तीन अर्धवर्तुळाकार नलिका आणि दोन सूक्ष्म पिशव्या असतात. नलिकांतील द्रव हलला म्हणजे डोकें वळल्याचें कळतें, आणि पिशव्यांतील चुन्याचे बारीक कण सरकले म्हणजे शरीर वर-खालीं किंवा पुढें-मागें हलल्याचें कळतें. घरांत चालतां-फिरतां हा कान, आपले डोळे आणि अंगाचे स्नायु हे तिघेहि मेंदूला एकच वर्दी देत असतात. बोटीच्या बंद खोलींत मात्र कान म्हणतो, 'आपण हेलकावे खात आहों'. आणि डोळे समोरची भिंत पाहून म्हणतात, 'छे, सारें कांहीं स्थिर आहे.' या तंट्यांत मेंदूचा गोंधळ उडतो. मग जांभया, चेहऱ्याचा फिकटपणा, थंड घाम, तोंडाला पाणी सुटणें, मळमळ आणि शेवटीं उलटी हीं लक्षणें दिसूं लागतात. ज्यांचा अंतःकर्ण निकामी झालेला असतो त्यांना बोट लागत नाहीं, हें या उपपत्तीस पुष्टि देतें. पुष्कळशा मूकबधिर माणसांस भोंवळ येत नाहीं, ही गोष्ट विल्यम जेम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें १८८२ सालींच नोंदविली होती.

घरच्या झोपाळ्यावर याची प्रचीति पाहतां येते. अंगणाकडे पाहत झोंके घेणारें मूल बराच वेळ आनंदांत असतें; तेंच मूल झोंके घेत गोष्टीचें पुस्तक वाचूं लागलें तर थोड्याच वेळांत डोकें धरून खालीं उतरतें. झोपाळा तोच, मूलहि तेंच. फरक एवढाच कीं, आतां डोळ्यांनीं कानाची साथ सोडली. पुढें सांगावयाचे बहुतेक उपाय या एका तत्त्वांतूनच निघतात: डोळ्यांचा आणि कानाचा तंटा होतां होईल तों कमी करावा.

वयाचाहि यांत मोठा भाग आहे. दोन वर्षांखालील तान्ह्या मुलांस बोट क्वचितच लागते. त्यानंतर प्रमाण वाढूं लागतें, सुमारें सहा ते बारा या वयांत तें सर्वांत अधिक असतें, आणि पुढें वाढत्या वयाबरोबर ओसरतें. म्हणजे आमच्या भगिनीची पुतणी ऐन त्रासाच्या वयांत आहे, आणि तिचा त्रास बहुधा दरवर्षीं कमीच होत जाणार आहे. ज्यांना अर्धशिशीचा विकार असतो त्यांना बोट अधिक लागते. पुरुषांपेक्षां स्त्रियांना अधिक लागते. या शेवटच्या गोष्टीचा कुटुंबाच्या व्यवस्थेशीं जो संबंध आहे त्याविषयीं पुढें लिहूं.

वडखळच्या परिसरांतील लोकांस पाणी कांहीं नवें नाहीं. एके काळीं मुंबईची आगबोट धरमतरपर्यंत येत असे, आणि महाडकडे जाणारा उतारू तेथें उतरून पुढची वाट धरी. आतां त्या खाडींत उतारूंऐवजीं डोलवीच्या पोलाद कारखान्याच्या मालाचे बार्ज दिसतात, आणि अलिबागकडे जाणारीं मुलें पुलावरून ते कौतुकानें पाहतात. मुंबईस पाण्यानें जावयाचें तर आतां बहुधा मांडवा गांठतात. तेथून गेटवेकडे लाँच जातात, आणि मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्याकडे मोटारी वाहून नेणारी मोठी रो-रो बोटहि जाते. गोव्याची सफर दूरची खरी. परंतु तिची रंगीत तालीम घरापासून थोड्याच अंतरावर, तासाभराच्या प्रवासांत करतां येते, ही वडखळकरांची मोठीच सोय आहे.

ही तालीम अवश्य करावी. वारंवार हेलकाव्यांची संवय होणें हाच या विकारावरील सर्वांत खात्रीचा उपाय आहे; दर्यावर्दी लोकांचें औषध तेंच. सफरीच्या आधींच्या महिन्यांत मुलीला दोन-तीन वेळां मांडव्याहून मुंबईस नेऊन आणावें. पहिल्या खेपेस रो-रो बोट पसंत करावी, कारण ती मोठी असल्यानें लाँचपेक्षां कमी हलते. आणि नेण्याआधीं तिच्याशीं मोकळेपणीं बोलावें: बोट कां लागते, कानांत काय असतें, काय केलें असतां बरें वाटतें, हें सारें नऊ वर्षांच्या मुलीला उत्तम समजतें. स्वतःच्या शरीराचें कोडें उलगडलें म्हणजे निम्मी भीति जाते. घरांत ठरलेला बेत तिच्या मागें शिजत ठेवूं नये. तिला विचारावें, आणि तिचें म्हणणें ऐकून घ्यावें.

प्रवासाचा ऋतु आणि वेळ यांनीं पुष्कळ फरक पडतो. नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्रावर जाऊं नये हा आपल्या कोळी बांधवांचा नियम अनुभवाचा आहे. गेटवे-मांडवा लाँच पावसाळ्यांत बंदच असतात. रो-रो बोट पावसाळ्यांतहि हवामान पाहून सोडतात, परंतु बोट लागणाऱ्या मुलाची तालीम त्या दिवसांत करण्याचें कारण नाहीं. पाऊस सरल्यावर थंडीच्या महिन्यांत, विशेषतः सकाळीं, आपला किनारा शांत असतो. दुपारी समुद्रावरून वारा सुटतो आणि पाणी खळबळूं लागतें. म्हणून जातांनाची बोट सकाळची घ्यावी.

दुसरी गोष्ट रस्त्याची. पुष्कळ मुलांना बोट लागण्याच्या आधीं मोटार लागलेली असते. वडखळहून पोयनाड ओलांडून कार्लेखिंडीच्या वळणांनीं मांडव्यास पोहोंचेपर्यंत, मागच्या आसनावर दाटीनें बसलेलें आणि हातांतील मोबाइलवर चित्रें पाहणारें मूल निम्में आजारी होऊन धक्क्यावर उतरतें. मग पांच मिनिटांत त्याला बोटींत चढवितात, आणि दोष जातो समुद्राकडे! मोटारींत अशा मुलाला समोरचा रस्ता दिसेल असें बसवावें, खिडकी थोडी उघडी ठेवावी, मोबाइल आणि पुस्तक पिशवींत टाकावें. धक्क्यावर निदान अर्धा तास आधीं पोहोंचावें, आणि त्या वेळांत मुलाला मोकळ्या हवेंत फिरूं द्यावें.

तिसरी गोष्ट पोटाची. 'उलटीच होणार, मग खायला कशाला घालतां?' असें म्हणून मुलाला उपाशी नेणें जितकें चूक, तितकेंच 'वाटेंत काय मिळेल कोणास ठाऊक' म्हणून निघण्याच्या तोंडावर बटाटेवडे आणि श्रीखंड-पुरी चारणें चूक. रिकामें पोट आणि तुडुंब पोट, दोन्ही ढवळतात. बोटींत बसण्याच्या दीड-दोन तास आधीं मऊ भात व मेतकूट, इडली किंवा भाजलेल्या पोह्यांचा चिवडा असें हलकें, कमी तेलाचें खाणें द्यावें. तळण, फार गोड, फार तिखट आणि पेलाभर दूध त्या सकाळीं टाळावें. वाटेंत घोंट-घोंट पाणी आणि तोंडांत टाकावयास कोरड्या लाह्या किंवा साधें बिस्किट असावें. मोठ्या जहाजावर तर सकाळपासून रात्रीपर्यंत पंगत मांडलेलीच असते, आणि पैसे भरले आहेत म्हणून सारें चाखण्याचा मोह मोठ्यांसहि आवरत नाहीं. पहिल्या दिवशीं तो आवरावा. आदल्या रात्रीं मुलाची झोंप पुरी होऊं द्यावी. सामान बांधण्याच्या गडबडींत जागलेलें मूल सकाळीं चटकन आजारी पडतें.

चौथी गोष्ट जागेची, आणि हीच बहुधा सर्वांत दुर्लक्षित असते. वरवंट्यावर पाट आडवा ठेवून तो हलवून पाहा: दोन्ही टोंकें वर-खालीं होतात, मध्य जवळजवळ स्थिर राहतो. बोटीचें असेंच आहे. नाळेपाशीं आणि अगदीं वरच्या मजल्यावर दृश्य सुंदर दिसतें, पण हेलकावा तेथेंच मोठा असतो. कमीत कमी हालचाल असते ती लांबीच्या मध्यावर, पाण्याच्या पातळीजवळ. लाँचमध्यें मधल्या भागांत, वाऱ्यावर, तोंड पुढें करून बसवावें; यंत्राजवळ आणि डिझेलचा वास येईल तेथें बसवूं नये. मोठ्या जहाजावर खोली राखून ठेवतांनाच मध्यभागांतील आणि खालच्या मजल्यावरील मागून घ्यावी. ती बहुधा स्वस्तहि असते, हा आणखी एक लाभ!

मोठें जहाज आणि लाँच यांतील फरकहि वडील माणसांस सांगण्याजोगा आहे. सप्टेंबर २०२१ मध्यें मुंबईहून सफरी सुरू करणारें 'एम्प्रेस' जहाज सुमारें २११ मीटर लांबीचें आहे. एवढ्या जहाजाला, मांडव्याच्या लाँचला उचलून आपटणाऱ्या लाटा फारशा जाणवत नाहींत. शिवाय अशा जहाजांच्या कुशींना पाण्याखालीं पंख असतात, ते डोलणें कमी करतात. माणसाला सर्वांत अधिक बाधतो तो सुमारें पांच सेकंदांस एकदां होणारा सावकाश वर-खालीं हेलकावा. १९७० च्या दशकांत हलत्या खोलींत माणसांस बसवून केलेल्या प्रयोगांतून हें ठरलें आहे. मोठें जहाजहि खवळलेल्या समुद्रांत डोलतेंच; परंतु जिला लाँच लागली तिला जहाज लागेलच, असा निष्कर्ष काढतां येत नाहीं.

पांचवी गोष्ट डोळ्यांची. मुलाला क्षितिजाकडे पाहावयास लावावें. तें हलत नाहीं, आणि बोट हलते आहे ही कानाची वर्दी डोळ्यांनाहि पटते. लहान मुलाला 'क्षितिजाकडे पाहा' म्हणून भागत नाहीं. त्याला काम द्यावें. दूरचीं शिडें मोजावीं, कान्होजी आंग्र्यांचा खांदेरी आणि शेजारचा उंदेरी कोणत्या बाजूस येतात तें शोधावयास सांगावें, उडणारे पक्षी कोणते तें ओळखावें. भेंड्या लावाव्या, गाणें चालू असलें म्हणजे लक्ष पोटाकडे जात नाहीं, हें शास्त्रज्ञांनींहि मान्य केलें आहे. मोबाइलवरील खेळ, रंगवावयाचीं पुस्तकें, पत्ते हे सारे मान खालीं घालावयास लावणारे उद्योग वर्ज्य. बाहेर पाहणें शक्य नसेल तर उताणें निजून डोळे मिटावे आणि डोकें उशीवर स्थिर ठेवावें. आणि 'तुला कसें होतें आहे? मळमळतें का ग?' असें पांच माणसांनीं दर पांच मिनिटांनीं विचारूं नये. हा प्रश्नच पुष्कळदां मळमळ आणतो.

आतां औषधांविषयीं. सुंठ आणि आलेपाक हे आपल्या आज्यांचे उपाय पोरकट नव्हत. डेन्मार्कमध्यें आरमाराच्या विद्यार्थ्यांना सुंठीची पूड देऊन केलेला एक प्रयोग १९८८ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत उलट्यांचें आणि थंड घामाचें प्रमाण कमी दिसलें. पुढच्या सर्वच प्रयोगांत इतका लाभ दिसला नाहीं, म्हणून सुंठीवर सर्वस्वीं विसंबूं नये. परंतु आलेपाकाची लहानशी वडी चघळण्यानें बहुतेक मुलांस अपाय नाहीं आणि कांहींना चांगला गुण येतो. लिंबू हुंगणें, आवळासुपारी तोंडांत धरणें यांचेंहि तसेंच: डिझेलचा आणि मासळीचा वास त्यामुळें मारला जातो, एवढा उपयोग निश्चित आहे.

गोळ्यांच्या बाबतींत मात्र घरगुती धाडस करूं नये. मोठ्यांची गोळी मोडून मुलाला अर्धी देणें ही आपल्याकडची जुनी खोड आहे. ॲव्होमिन नांवाची गोळी पुष्कळ घरांतील डब्यांत असते. तिच्यांत प्रोमेथाझिन हें औषध आहे, आणि तें दोन वर्षांखालील मुलांस कदापि देऊं नये, कारण त्यानें श्वास मंदावण्याचा धोका असतो. दोन वर्षांवरील मुलांसाठीं डॉक्टर कधीं डायमेनहायड्रिनेट देतात. मेक्लिझीन बारा वर्षांखालील मुलांस सामान्यतः देत नाहींत. कानामागें चिकटविण्याची स्कोपोलामीनची चकती मोठ्यांसाठीं आहे, मुलांसाठीं नव्हे. जुलाब-उलटीच्या वेळीं डॉक्टरांनीं दिलेलें ऑन्डॅनसेट्रॉन घरांत शिल्लक असतें. बिघडलेल्या पोटाच्या उलटीवर तें उपयोगी, पण बोट लागणें त्यानें टळत नाहीं. तेव्हां मुलाचें वजन आणि वय सांगून आपल्या डॉक्टरांकडून मात्रा ठरवून घ्यावी, आणि तीन नियम पाळावे. पहिला: औषध निघण्यापूर्वीं सुमारें एक तास द्यावें, मळमळ सुरू झाल्यावर दिलेली गोळी बहुधा बाहेरच पडते. दुसरा: तें पहिल्यानें घरीं, सुटीच्या दिवशीं देऊन पाहावें, पुष्कळ मुलांना त्यानें गुंगी येते, आणि एखादें मूल उलट बेभान नाचूं लागतें. तिसरा: सर्दी-खोकल्याचें झोंप आणणारें औषध चालू असेल तर हें त्यावर देऊं नये.

एवढें करूनहि उलटी झालीच, तर घाबरण्याजोगें कांहीं नाहीं. कागदी पिशव्या, एक ओला व एक कोरडा पंचा, जास्तीचा सदरा, पाण्याची बाटली हें सामान मोठ्या पेटींत नव्हे, हातांतील पिशवींत असावें. मुलाला कठड्यावरून वांकून उलटी करूं देऊं नये. लहान बोटींत तर मुळींच नाहीं. बोट लागणें ही पीडा आहे, धोका नव्हे. समुद्राचा धोका निराळाच असतो. १७ जुलै १९४७ रोजीं भाऊच्या धक्क्याहून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट बुडून सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. त्यांतील किती तरी आपल्याच जिल्ह्यांतील होतीं. मुलाची मळमळ सांभाळण्याच्या नादांत त्याच्या अंगावरील तरंगतें जाकीट 'गुदमरतें' म्हणून काढूं नये.

उलटीनंतर तोंड धुवावें, कपाळावर ओला पंचा ठेवावा, आणि दहा-पंधरा मिनिटें पोटाला विसांवा द्यावा. मग चमच्या-चमच्यानें पाणी सुरू करावें. उलट्या अनेक झाल्या तर मीठ-साखरेचें पाणी द्यावें: एक लिटर शुद्ध पाण्यांत सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. मिठाचें प्रमाण अंदाजानें वाढवूं नये. औषधाच्या दुकानांतील तयार पुडी मिळाल्यास ती अधिक बरी. जमिनीवर उतरल्यानंतर कांहीं तासांनींहि उलट्या थांबल्या नाहींत, ताप आला, उलटी हिरवी किंवा रक्ताची झाली, मूल अति सुस्त पडलें, तीव्र डोकेदुखी झाली किंवा सहा-आठ तास लघवी झाली नाहीं, तर ती बोट लागल्याची गोष्ट नव्हे असें समजून ताबडतोब डॉक्टर गांठावा. जहाजावरहि डॉक्टर असतो. संकोच न करतां त्याला दाखवावें.

शेवटीं, वर राखून ठेवलेला कुटुंबाच्या व्यवस्थेचा मुद्दा. एकत्र कुटुंबाचा प्रवास निघाला म्हणजे चारहि मुलें घरांतील सुनांच्या ओटींत पडतात, आणि पुरुषमंडळी डेकवर वारा खात उभी राहतात. स्त्रियांना बोट अधिक लागते, हें वर सांगितलेंच आहे. आणि वांतीचा वास व मान खालीं घालून मुलाला पुसणें यांनीं धडधाकट बाईलाहि ती लागते. म्हणजे जिला स्वतःलाच आधार हवा तिच्याच मांडीवर आजारी मूल, ही आपली व्यवस्था! हें न्यायाचें नाहीं आणि शहाणपणाचेंहि नाहीं. कोणाला बोट लागते आणि कोणाला नाहीं, हें मांडव्याच्या तालमींत पाहून घ्यावें, आणि ज्याला लागत नाहीं त्याच्याकडे मुलाची जबाबदारी द्यावी. तो काका असो, मोठा चुलतभाऊ असो, कीं खुद्द आजोबा असोत. पिशवी धरणें आणि तोंड पुसणें हें काम केल्यानें कोणा पुरुषाचा मान कमी झाल्याचें ऐकिवांत नाहीं. उलट, आजारपणांत आजोबांनीं डोकें धरलें होतें ही आठवण नातवंडें जन्मभर बाळगतात.

दोन-तीन दिवसांच्या सफरींत बहुतेक माणसांच्या मेंदूला समुद्राची संवय होत जाते, आणि पहिल्या दिवशीं निजून राहिलेलें मूल दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं डेकवर धांवूं लागतें. मात्र त्या संवयीचा एक गमतीदार परिणाम उतरल्यावर दिसतो. पाय जमिनीवर टेकले तरी जमीनच डोलते आहे असें वाटतें. रात्रीं अंथरुणावर निजलें तरी बिछाना हेलकावे खातो. मुलें यानें घाबरतात, म्हणून त्यांना आधींच सांगून ठेवावें कीं, हें एक-दोन दिवसांत आपोआप जातें. आपल्या भाषेंत एकच क्रियापद दोन्हीकडे चालतें: बोट माणसाला लागते, आणि बोट धक्क्यालाहि लागते. ती धक्क्याला लागली म्हणजे माणसाची सुटका होते. तोंपर्यंत मुलाजवळ कोणी तरी शांतपणें बसून राहावें.